नव्या शर्टाची हळद

जेवणाची ताटं उचलली गेली आणि पलंगावर कपडे मांडले गेले. एका कडेला नांदेडहून आलेले, दुसऱ्या कडेला औशाहून आलेले. जगदेवी दोन्हींच्या मधोमध उभी होती आणि कुणाकडं बघून मान डोलवावी ते तिला समजत नव्हतं. नांदेडची सौदामिनी तिची थोरली नणंद. औशाचा मृत्युंजय तिचा पाठचा भाऊ. एकाचं चांगलं म्हटलं की दुसऱ्याचं तोंड उतरणार, हे ठरलेलं.

जगदेवीच्या लेकीला, मनस्विनीला, सोमवारी सकाळी दहा वाजता मुलाखतीला जायचं होतं. लातुरातच, एमआयडीसीतल्या एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत. अन्नतंत्रज्ञानाची पदवी हातात पडल्यापासून आलेलं हे पहिलंच बोलावणं. जगदेवीचा नवरा मन्मथ गेल्यापासून या घरात एवढी मोठी गोष्ट घडली नव्हती, म्हणून रविवार धरून माणसं न बोलावता जमली होती. रेणापूरचे शरणप्पाही होते, मन्मथचे चुलते. संध्याकाळी गल्लीतल्या वीरभद्राच्या देवळात त्यांचं कीर्तन होतं, आणि लातुरात कीर्तन असलं की आधी सुनेच्या हातची भाकरी खायची हा त्यांचा जुना शिरस्ता. जेवून ते खुर्चीत डोळे मिटून टेकले होते. पण जन्मभर टाळ ऐकलेल्या माणसाचे डोळे मिटले तरी कान जागेच असतात.

"ही नारायणपेठ बघ," सौदामिनीनं फिकट निळी साडी उलगडली. "काठ बारीक आहे, रंग डोळ्यात खुपत नाही. मनू, मी वीस वर्षं कॉलेजात आहे. मुलाखत देणाऱ्यांच्या नाही, घेणाऱ्यांच्या बाजूला बसते. पोरगी दारातून आत आली की आम्ही आधी काय बघतो? पोक्त आहे का, नीटनेटकी आहे का. साडी नेसली की निम्मं काम तिथंच झालं."

"म्याडम, ती तुमच्या कॉलेजात शिकवाया निघाली न्हाई," मृत्युंजय म्हणाला. त्याचं औशात खत-बियाण्यांचं दुकान होतं. "कंपनी हाय ती. माझ्या दुकानात कंपन्यांची पोरं-पोरी रोज येऊन ऱ्हायलेत. एकीच्या बी अंगावर साडी बघितली न्हाई मी. पांढरा शर्ट, निळी प्यांट, वर कोट. कोट बघितला की मीच खुर्ची सोडून उठतो, तिथं सायबाचं काय घेऊन बसलात!"

"तुम्ही उठता, कारण ते उधारीचं विचारायला आलेले असतात."

मृत्युंजय हसला. त्याला चिमटा घेतलेला आवडत नसे असं नव्हतं. पण कोट त्यानं खूप हौसेनं आणला होता.

"घालून तर बघू," मनस्विनी म्हणाली. तिनं दोघांचंही मन राखायचं ठरवलं होतं आणि ते किती अवघड आहे हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

आधी साडी झाली. पोरगी देखणी दिसली, यात वादच नव्हता. लेकीत जगदेवीला एकदम मन्मथच्या आईची ठेवण दिसली. पण मनस्विनी चालायला लागली तशी डोक्यावर भरलेली घागर असल्यागत जपून जपून पाऊल टाकू लागली. खुर्चीत बसताना आधी पदर, मग निऱ्या, मग पुन्हा पदर.

"बसलीस की आता?" मृत्युंजयनं विचारलं. "का सायेब घरी गेल्यावर बसणार?"

मग शर्ट-पँट आणि कोट. शर्ट अंगाला बेतल्यासारखा बसला. कोटाचे खांदे मात्र दोन्ही बाजूंनी उतरले आणि बाह्यांतून फक्त नखं बाहेर आली.

"ह्यात मनू कुठं आहे?" सौदामिनीनं वाकून बघितलं. "मनू, आहेस का गं आत?"

"दुकानदार फ्री साइज म्हणला होता," मृत्युंजय पडेल आवाजात बोलला.

सगळे हसले. जगदेवीही हसली. किती दिवसांनी या खोलीत चार माणसं एका वेळी हसली होती.

मनस्विनी कपडे बदलून आली आणि तिनं कोटाची घडी घातली. "मामाचा शर्ट आणि पँट. कोट नको. आणि आत्या, साडी मी पहिल्या पगाराला नेसते. खरंच."

सौदामिनी साडीच्या घड्या फार बारकाईनं घालू लागली. ते बघून जगदेवीनं घाईनं खुर्चीकडं वळून म्हटलं, "आप्पा, तुमी तरी सांगा."

शरणप्पांनी डोळे उघडले. "मला काय विचारता? माझ्या पहिल्या कीर्तनाची गोष्ट ठावं हाय का तुमाला? औशालाच होतं. मी पोरसवदा. लोकांवर छाप पडावी म्हणून एका पाटलाचा जरीचा फेटा मागून आणला. झालं काय, फेटा मोठा आन् डोकं लहान. मी हात वर केला की फेटा कानावर. मान खाली घातली की फेटा डोळ्यावर. एका हातानं टाळ, एका हातानं फेटा. सगळं आख्यान तसंच सांगितलं. संपल्यावर एक म्हातारी पाया पडाया आली. म्हणली, महाराज, फेटा लई ग्वाड होता बगा."

मृत्युंजयनं मांडीवर थाप मारली.

"लोक फेट्याला रामराम करून घरला गेले, बाप्पा. देवाचं नाव कुणाच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई, आन् माझ्या बी न्हाई. तवापासून मी एकच बघतो. कपडा असा असावा की आपण दोन शब्द बोललो की समोरचा त्याला विसरला पायजे. आन् त्याच्या आधी आपण विसरलो पायजे." ते सौदामिनीकडं वळले. "बाई, साडी तुमची झाक हाय. पण ती पोरीला इसरू देईना."

आप्पांच्या तोंडून आलं म्हणजे त्यात हार मानण्यासारखं काही उरलं नाही. सौदामिनीनं साडी पिशवीत ठेवली आणि कंबर सरळ केली.

"ठरलं तर मग. कोऱ्या कपड्याला हळद-कुंकू तरी लावू द्याल ना, की तेही कंपनीत चालत नाही? जगदेवी, करंडा आण. मी लावते."

या घरात नवा कपडा मापापुरता अंगाला लावून बघितला तरी हळद-कुंकवाशिवाय तो घालून कुणी बाहेर पडत नसे. कुठंतरी आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, बोटाच्या टोकानं हळदीचा एक ठिपका आणि त्याच्या शेजारी कुंकवाचा. मन्मथचे शर्ट, मनस्विनीचे फ्रॉक, शाळेचे गणवेश, सगळ्यांवर वर्षानुवर्षं जगदेवीचंच बोट फिरलेलं. मन्मथ गेला आणि ते थांबलं. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. सांगावंही लागलं नव्हतं. नवा कपडा आला की तो शेजारच्या सुवासिनीची नाहीतर नणंदेची वाट बघत देवघरापाशी पडून राही, आणि जगदेवी त्याच्याकडं न बघता आपल्या कामाला लागे. मन्मथच्या जागेवर अनुकंपेनं जिल्हा परिषदेत लागली तेव्हा तिच्या स्वतःच्या पहिल्या साडीलाही दुसरीनंच हळद लावली होती.

तिनं देवघरातून करंडा आणला, हळद कालवायला वाटीत घोटभर पाणी घेतलं आणि गरम भांडं पुढं करावं तसं ते सगळं नणंदेपुढं केलं.

"आई लावेल," मनस्विनी म्हणाली.

ती मोठ्यानं बोलली नव्हती. तरी सौदामिनीनं पुढं केलेला हात मागं घेतला.

"मनू," सौदामिनी हळू म्हणाली, "असं हट्टाचं नसतं बाळ हे."

"हट्ट नाही आत्या. माझी मुलाखत आहे. मला आईच्या हातचं पाहिजे."

"मी काय तुझ्या आईच्या वाईटावर आहे होय? पण उद्या काही कमी-जास्त झालं तर? लोक म्हणतील ते म्हणतील, ते सोड. हीच स्वतःला काय काय लावून घेईल, याचा विचार केलास?"

मृत्युंजय खाली बघत होता. "म्याडम म्हणतात ते बी खरं हाय ताई," तो म्हणाला. "ऱ्हाऊ दे की. नाहक कशाला..."

"वा मामा!" मनस्विनी त्याच्याकडं वळली. "आत्ता कोटावरून भांडत होता. आता लगेच जमलं का दोघांचं?"

"तसं न्हाई लेकरा."

"मग कसं?"

मृत्युंजय बहिणीकडं बघू लागला, आणि जगदेवीला वाटलं, भिंतीत शिरता आलं असतं तर बरं झालं असतं. ह्यात आपल्याला काय पाहिजे हे कुणी विचारू नये असं तिला वाटत होतं. कारण तिला ते पाहिजे होतं. इतकं पाहिजे होतं की त्याची भीती वाटत होती. लेकीला नोकरी लागली नाही तर कंपनीनं नाही म्हटलं असं कुणी म्हणणार नव्हतं. ती स्वतःसुद्धा म्हणणार नव्हती.

"आप्पा," मनस्विनी खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली. "आज कीर्तनाआधी तुम्ही सगळ्यांना विभूती लावणार ना?"

"लावणार की."

"आईला?"

"तिला बी."

"तीच तीन बोटं, का आईला वेगळी?"

शरणप्पांनी आपली तीन बोटं समोर धरून बघितली. पन्नास वर्षं भरल्या मंडपात बोललेला माणूस. त्याला शब्द सापडायला एवढा वेळ लागलेला घरात कुणी पाहिला नव्हता.

"तीच," ते अखेर म्हणाले. मग दाढीवरून हात फिरवत पुटपुटले, "पोरगी उद्या सायबाला बी असंच विचारणार असंल तर सायबाचं काय खरं न्हाई." आणि आवाज थोडा चढवून, "जगदेवी, लाव गं माय तू."

"मला नको आप्पा. सवय मोडली माझी."

"नाहीतर मी तसाच कोरा घालून जाते," मनस्विनी म्हणाली आणि तिनं शर्ट आईच्या पुढं धरला.

जगदेवीनं वाटी डाव्या हातात घेतली. तिनं कालवलेली हळद सैल झाली होती. उजव्या हाताचं बोट बुडवलं तेव्हा ते आपलंच आहे असं तिला वाटेना. शर्टाच्या कॉलरची आतली बाजू तिनं शोधली, जिथं ती मन्मथच्या शर्टाला लावायची. सगळे बघत होते, आणि तेच वाईट झालं. ती घाईनं कॉलर उलटायला गेली, डाव्या हातातली वाटी कलली आणि हळदीचा थेंब पांढऱ्याशुभ्र छातीवर पडला. बोराएवढा. खिशाच्या अगदी वर.

"अगं बाई!" सौदामिनीनं शर्ट ओढून घेतला आणि कुणी काही म्हणायच्या आत ती न्हाणीकडं धावली. कपडे धुवायच्या साबणाच्या वडीनं घासल्याचा आवाज आला. मग आवाज थांबला. ती बाहेर आली तेव्हा शर्ट तिच्या हातात लांब धरलेला होता आणि पिवळ्याच्या जागी लालभडक डाग होता. उघड्या जखमेसारखा.

"शिव शिव शिव," मृत्युंजय पुटपुटला.

मनस्विनी मात्र हसायला लागली. "आत्या, साबण कशाला लावला! हळदीला साबण लागला की ती लाल होतेच. आता लिंबू पिळलं की परत पिवळी. आम्ही पहिल्या वर्षाला हेच तर करायचो, हळदीत कागद बुडवून. आई, ऐकतेस का? आत्यानं लावली असती आणि तिच्या हातून सांडली असती, तरी लालच झाली असती."

पण तिच्यासोबत कुणी हसलं नाही. जगदेवीला लेकीचं बोलणं कळलं होतं. रोज कुकरला हळद घालणाऱ्या बाईला ते पटलंही होतं. तरी तिच्या डोळ्यांपुढून तो लाल डाग हलत नव्हता.

"दुसरा शर्ट आणा," ती म्हणाली. "आन् त्याला वन्संच लावतील."

तिनं शर्ट घेतला, लिंबू पिळलं, स्वच्छ पाण्यातून काढला आणि कुणाची वाट न बघता जिना चढून गच्चीवर गेली. हळदीला ऊन खातं, एवढं तिलाही माहीत होतं.

गच्चीवर उन्हाचा नुसता भडका होता. शेजारच्या घरावर वाळत घातलेले पापड पांढरे दिसत होते. जगदेवीनं शर्ट टाकीच्या झाकणावर पसरला, कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवले आणि टाकीच्या बोटभर सावलीत बसली. थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. सौदामिनी वर आली, धापा टाकत, आणि तिच्या शेजारी टेकली.

सौदामिनीनं हात लांबवून शर्टाची बाही सारखी केली.

"मी मुद्दाम केलं असं वाटतंय तुला," सौदामिनी म्हणाली.

"न्हाई वन्सं."

"खरं सांग."

"न्हाई म्हणले की. साबण लावायचं मला बी सुचलं असतं."

"साबणाचं नाही म्हणत मी." सौदामिनीनं पदरानं मान पुसली. "मन्मथची नवी गाडी आठवते?"

जगदेवीनं मान हलवली. या विषयावर घरात कुणी बोलत नसे.

"तिची पूजा कुणी केली?"

"तुमी. नांदेडहून मुद्दाम आल्या होता."

"हार मी घातला. नारळ मी वाढवला. पुढच्या चाकापाशी हळद-कुंकू मी लावलं. भरल्या कपाळानं, हातभर हिरव्या बांगड्या घालून. मन्मथ म्हणत होता, आक्का, तुझा हात लागला, आता काळजी नाही." तिनं तळव्यानं डोळे पुसले. "आणि महिना झाला नाही तोवर, त्याच गाडीवर... माझा हात तर चांगला होता ना गं, जगदेवी? सगळ्यांच्या लेखी चांगला होता ना?"

जगदेवी तिच्याकडं बघतच राहिली. मन्मथला जाऊन चौथं वर्ष लागलं होतं. दोघी शेजारी शेजारी बसून रडल्या होत्या, एकमेकींना जेवायला बळं वाढलं होतं, आणि ही गोष्ट तिच्या मनाला कधी शिवली नव्हती.

"तेव्हापासून कुणाच्या नव्या वस्तूला हात लावायचा म्हटलं की मला कापरं भरतं," सौदामिनी म्हणाली. "लावते. लोक करंडा पुढं करतात, नाही कसं म्हणू? आज मनू 'आई लावेल' म्हणाली तेव्हा, खोटं कशाला बोलू, आधी मला सुटल्यासारखं झालं. आणि मग भीती वाटली. म्हटलं, उद्या काही बिनसलं तर हीसुद्धा माझ्यासारखी आपलाच हात बघत बसेल. एक मी आहे तेवढी पुरे."

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

"वन्सं, उसाची ट्रॉली होती ती," ती म्हणाली. "मागं दिवा नव्हता तिला. रस्त्यात उभी केलती. पोलीस बी तेच म्हणले, पंचनाम्यात बी तेच हाय. तुमचा हात कुठून आला त्यात?"

"कळतं गं मला."

"मला बी साबणाचं कळलं की. मनूनं सांगितलं तसं."

सौदामिनीनं तिच्याकडं बघितलं आणि रडता रडता तिला हसू फुटलं. जगदेवीनं उठून शर्टावरच्या विटा सरकवल्या, ऊन सरळ पडत होतं तिकडं डाग फिरवला आणि पुन्हा येऊन बसली. या वेळी थोडी जवळ.

मनस्विनी आणि मृत्युंजय वर आले तोवर लाल रंग कधीच गेला होता आणि पिवळाही पुष्कळ उतरला होता. मनस्विनीनं शर्ट उचलून उजेडात धरला, वाकडा करून बघितला.

"उद्याला नाही चालायचा."

"आता काय दिसून ऱ्हायलंय?" मृत्युंजय म्हणाला. "इतका जवळ कोण येतंय बघाया?"

"मामा, लॅबची नोकरी आहे. भेसळ शोधायची, स्वच्छता बघायची. आणि मीच छातीवर डाग घेऊन जाऊ? आईनं लावली म्हणून घालते, असं नाही करायचं मला. तिथं डाग तो डागच." तिनं शर्ट पुन्हा झाकणावर पसरला. "अजून दोन-चार उन्हं खाल्ली की हा पार निघेल. मग वापरते."

आपल्याला वाईट वाटेल अशी जगदेवीला स्वतःलाच भीती होती. पण वाटलं नाही. उलट पोरगी शहाणी निघाली म्हणून बरं वाटलं.

"जातो गोलाईच्या बाजारात," मृत्युंजय किल्ली काढत म्हणाला.

"मापाचा आणा," मनस्विनीनं जिन्यात वाकून सांगितलं. "फ्री साइज नको!"

संध्याकाळी देवळात कीर्तन रंगलं. शरणप्पांनी आधी विभूती लावली, पोराटोरांना, म्हाताऱ्यांना, रांगेत उभ्या असलेल्या बायांना, तीन बोटांची एक ओढ सगळ्यांच्या कपाळावरून सारखी. जगदेवीपुढं ते आले, लावली आणि पुढं सरकले. दुपारचा विषय त्यांनी आख्यानात घेतला नाही. घेतला असता तर सगळ्या गल्लीनं माना वळवून तिच्याकडं बघितलं असतं. त्यांनी पुराणातलीच एक साधी कथा लावली आणि शेवटी नामाचा गजर असा धरला, की मृदंगाच्या थापेबरोबर देवळाचे पत्रे वाजताहेत असं वाटावं. देवाच्या नावात हे एक बरं असतं, ते घेताना आपल्याच विचारांची कटकट ऐकू येत नाही. जगदेवीनं टाळ्या वाजवता वाजवता हात लाल करून घेतले. शेजारी सौदामिनीचेही हात तसेच वाजत होते.

घरी आल्या तेव्हा नवा शर्ट देवघराच्या फळीवर खोक्यात ठेवलेला होता. सगळ्यांनी तो पाहिला. जेवणं झाली, अंथरुणं पडली. खोका फळीवर तसाच राहिला.

सोमवारी फटफटायच्या आत जगदेवीला न्हाणीत बादली वाजलेली ऐकू आली. सौदामिनीची आंघोळ नेहमी सगळ्यांच्या आधी. जगदेवी उठली, चूल-पाणी केलं, डबा भरला. बाहेरच्या खोलीत शरणप्पांची लिंगपूजा चालली होती. मृत्युंजय दारात गाडीचं सीट तिसऱ्यांदा पुसत होता. मनस्विनीनं निळी पँट घातली, केसांची एक वेणी घालून ती पक्की बांधली, काळे बूट दाराशी आणून ठेवले आणि फळीवरचा खोका काढला.

"आत्या," तिनं हाक मारली.

सौदामिनी स्वयंपाकघरात वेलदोडे सोलत होती. तिनं खोक्याकडं बघितलं, जगदेवीकडं बघितलं, दोरीवरचा टॉवेल ओढला आणि तरातरा न्हाणीत जाऊन कडी लावून घेतली. नळ सुटल्याचा आवाज आला.

जगदेवीला क्षणभर कळेना. ती दारापाशी गेली. "वन्सं! मनूचा शर्ट..."

"माझी आंघोळ व्हायचीय!"

"पण तुमी तर पहाटेच..."

"व्हायचीय म्हटलं ना! तू लाव. आणि लवकर लाव. दहाला पोचायचंय पोरीला, रस्त्यात फाटक लागतं."

जगदेवी बंद दाराकडं बघत उभी राहिली. आतून पाण्याचा आवाज येत होता. तिनं डोळ्यांना पदर लावला, मग तोच पदर कमरेला खोचला.

या वेळी तिनं वाटी घेतली नाही. बोटाचं टोक नुसतं ओलं केलं, हळदीला टेकवलं, शर्टाची खालची शिवण आतून उलटी केली आणि मोहरीएवढा ठिपका दिला. त्याच्या शेजारी कुंकवाचा. मग शर्ट उलटून पुढची बाजू दोन्ही हातांवर धरून बघितली. कुठं काही नव्हतं. पांढरा.

मनस्विनीनं तो घातला, बाह्यांची बटणं लावली. जगदेवीनं तिच्याभोवती एक चक्कर मारली, पाठीवरची घडी तळव्यानं दाबून बसवली.

"कशी दिसते?"

"कामाला निघाल्यागत," जगदेवी म्हणाली, आणि मनस्विनी इतकी खूष झाली की तिनं आईचा मुकाच घेतला.

शरणप्पांनी पूजेवरून न उठता तीन बोटं पुढं केली. ती वाकली. "लावली मी," ते म्हणाले. "ठेवायची का पुसायची, तिथं गेल्यावर तुझं तू बघ. देव रागवत न्हाई."

गाडी सुरू झाली. वळणावर मनस्विनीनं हात केला. आवाज ऐकू येईनासा झाला तशी जगदेवी आत आली, आणि तेवढ्यात नळ बंद झाला. सौदामिनी बाहेर आली. अंगावर तीच साडी, केस कोरडे, खांद्यावरचा टॉवेलही कोरडा.

"गेली?"

"गेली."

"लावलंस?"

"लावलं. आतून, खालच्या शिवणीला."

"बरं केलंस," सौदामिनी म्हणाली. "चहा टाक आता. घसा सुकला माझा."

चहाला पाणी घ्यायला जगदेवी न्हाणीत गेली आणि दारातच थबकली. दोन्ही बादल्या भरलेल्या होत्या. घागर भरलेली होती. बंब, कळशी, कपडे भिजवायचा टब, पाय धुवायचा डबा, आणि कट्ट्यावरचा तांब्यासुद्धा. सगळं काठोकाठ, आणि फरशीवर थेंब नाही. आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या लातुरात नळ नुसता वाहता सोडायची छाती सौदामिनीलाही झाली नव्हती.

जगदेवीनं तांब्या उचलला आणि दोन कपांचं आधण ठेवलं.